उकिरड्याची बिजली

नेरमध्ये त्या काळी दिवस मावळला की गाव लवकर घरात शिरायचं. अमरावतीची शेवटची मोटार गेली आणि हॉटेलवाल्यानं भट्टीवर पाणी मारलं, की बाजारचौकात कुत्र्यांशिवाय कोणी उरायचं नाही. ज्याच्या हातात कंदील, त्याच्यापुरता रस्ता. लग्नाच्या वरातीला गॅसबत्त्या बाहेरून भाड्यानं यायच्या, आणि लोक नवरदेव सोडून त्या बत्त्यांकडेच बघत बसायचे.

बिजली म्हणावी अशी गोष्ट गावात एकाच ठिकाणी होती, दारव्हा रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये. कापसाच्या हंगामात तिथं वाफेचं इंजिन चालायचं. त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर एक जुना डायनामो फिरायचा आणि आवारातल्या खांबांवर पिवळे दिवे लागायचे. जेवणं आटोपली की माणसं फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. काही काम नसायचं. नुसतं उजेड बघायला यायची.

कौसल्या त्या फाटकाच्या आत काम करायची. कापसाच्या ढिगापुढं बायांची रांग बसायची, आणि चांगल्या कापसातून कवडी, म्हणजे डागी, किडका कापूस, आणि पालापाचोळा वेगळा काढायची. कौसल्याचा हात त्या रांगेत सगळ्यात चालता. बोलता बोलता, कधी बाजूच्या बाईच्या लेकराला मांडीवर घेऊनही, तिची बोटं बरोबर कवडीच उचलत. तिचा नवरा उकंडा बॉयलरवर आगवाला होता. लग्न होऊन ती लोहाऱ्याहून नेरला आली तेव्हा नवऱ्याचं नाव ऐकून तिच्या मैत्रिणी हसल्या होत्या. उकंडा म्हणजे उकिरडा. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून सासूनं या पोराला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं, तेच नाव ठेवलं आणि पोरगा जगला. कौसल्याला नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ क्वचितच यायची, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला दोघं नागपूरला गेली. बडनेऱ्यापर्यंत मोटारीनं, पुढं रेल्वेनं. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कोणी कुरकुरत नव्हतं. कौसल्यानं नवं पांढरं लुगडं पिशवीत घडी करून नेलं होतं आणि ते मैदानावर पोचल्यावरच नेसली, वाटेत मळू नये म्हणून. परत आली ती बौद्ध होऊन. त्यानंतर गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीची बैठक झाली. मारोती, उकंडाचा चुलता आणि वस्तीचा जाणता माणूस, त्यानं सगळ्यांकडून शब्द घेतला. मेलेलं ढोर ओढायचं नाही, दवंडी द्यायची नाही, गावाची घाण उचलायची नाही. "गावकी सरली," तो म्हणाला. "गावाचा उकिरडा गावानं पाहावा." गावानं काही महिने तोंड फिरवलं. वाण्यानं उधार बंद केलं, कोणी वावरात बोलावलं नाही. वस्तीतली बरीच घरं त्या दिवसांत जिनिंगच्या कामावर तगली.

आणि गावात उकिरडे वाढत गेले. बाजारामागच्या नाल्याशी ढीगच ढीग. फुटक्या टोपल्या, पत्रावळी, उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं, तुराट्यांचे तुकडे, चिंध्या. कोणीतरी विडी टाकायचं आणि ढीग धुमसत राहायचा. वारा फिरला की सगळा चौक खोकायचा.

अठ्ठावन्नच्या हंगामात जिनिंगचा कोळसा वेळेवर येईना. शेठ वैतागले. इंजिनचा मिस्तरी होता रामलाल, नेरजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. रामलाल मात्र पोरवयात बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात कोळसा फेकायला लागला आणि तिथंच इंजिन शिकला. त्यानं कसंबसं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, जाळून इंजिन चालवलं. पऱ्हाट्याही संपत आल्या, तेव्हा त्याची नजर नाल्याकाठच्या ढिगांवर गेली.

"जळतेच नं थे," तो उकंडाला म्हणाला. "रोजच्या रोज फुकट जळून राह्यलं. तेच आपल्या भट्टीत जळलं तं काय बिघडते?"

शेठना कल्पना पटली, आणि सरपंचांना तर फारच पटली. चौकात दिवे लागावेत ही त्यांची कधीची हौस होती. ठरलं असं: पंचायतीची बंडी, म्हणजे बैलगाडी, गावचा कचरा जिनिंगमध्ये आणून टाकेल, आणि जिनिंग त्याच्या बदल्यात दिवेलागणीपासून बाजार उठेपर्यंत चौकाला उजेड देईल. प्रश्न एवढाच उरला, की तो कचरा निवडणार कोण? ओलं वेगळं, सुकं वेगळं, काच-लोखंड बाहेर. रामलाल कौसल्याकडं आला.

"वहिनी, तुमच्यासारखा निवडनारा हात नाई. चार बाया घ्या संगं."

कौसल्या काही बोलायच्या आत उकंडाच म्हणाला, "नाई मिस्तरी. भट्टीचं काम कितीबी सांगा. पन थे नाई."

रामलालनं मान हलवली. त्याला कळलं. बाकी कोणी बाया मिळतात का ते त्यानं पाहिलं. गावातल्या कोणत्याच जातीची बाई त्या ढिगाला हात लावायला तयार झाली नाही. शेवटी न निवडताच भट्टी पेटवायची ठरली.

त्या संध्याकाळी चौकात जत्रा लोटली होती. खांबाखाली सरपंच नवी टोपी घालून उभे. कौसल्याही वस्तीतल्या बायांबरोबर जरा लांब उभी होती. दिवा लागला खरा, पण निखाऱ्यासारखा तांबूस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा थोडा उजळला, मग कोणी गळा धरावा तसा बारीक होत गेला आणि विझला. जिनिंगच्या चिमणीतून काळाकुट्ट धूर गावावर उतरला. अंधारात कोणीतरी ओरडलं, "ही तं उकिरड्याची बिजली!" आणि सगळा चौक हसत सुटला. कौसल्यालाही हसू आलं.

तेवढ्यात जिनिंगकडून धप्प असा आवाज आला.

ती पळत पोचली तेव्हा उकंडाला बाहेर आणून खाटेवर निजवलं होतं. कचऱ्यात कोण्या दुकानाचा वार्निशचा बंद डबा होता. वाफेचा जोर कमी पडतो म्हणून उकंडानं भट्टीचं दार उघडून सळई घातली आणि नेमका तेव्हाच तो डबा फुटला. जाळ दारातून बाहेर आला होता. उजवा गाल, कान आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. डोळे वाचले होते. रामलाल त्याच्या उशाशी बसून नुसता म्हणत होता, "दार उघड म्हनून मीच सांगतलं. मीच सांगतलं."

उकंडाला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. उन्हाळा लागेपर्यंत कौसल्या त्याच्यापाशी होती. माहेर जवळ, म्हणून लोहाऱ्याहून तिची आई भाकरी घेऊन यायची. वॉर्डात सगळीकडे बिजलीचे दिवे. नर्स बाई येता-जाता बटण दाबायची, त्याकडं वर मान करून बघायचीही नाही, याचं कौसल्याला नवल वाटायचं. उकंडाच्या जखमा भरत आल्या, पण उजव्या हाताची बोटं पुरती मिटेनात. फावडं धरता येणार नाही हे दोघांनाही दिसत होतं.

रामलाल दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी यायचा. एकदा पेरू घेऊन, एकदा तांड्यावरचं तूप घेऊन. एकदा तो म्हणाला, "इंजिनले तेल घालाले, बॉयलरच्या पान्याची काच पाहाले मले मानूस लागतेच. उकंडा बसूनबी करन थे. मी शेठले सांगून ठेवलं."

उकंडा छताकडं बघत म्हणाला, "अन् कचऱ्याचं काय झालं?"

"पडून आहे. मीच हात लावू देल्ला नाई कोनाले."

नेरला परत आल्यावर कौसल्या एका दुपारी जिनिंगच्या मागच्या अंगाला गेली. तो ढीग तिथंच होता, वरून वाळलेला, आतून कुजलेला. ती बराच वेळ बघत उभी राहिली. कापसासारखाच ढीग. वर एक फुटकी बरणी, तिच्याखाली चांगली ठणठणीत वाळलेली बांबूच्या तट्ट्याची फाटकी पट्टी, तिला चिकटलेला कुजका भात. नवऱ्याचा गाल तिला आठवला. कोणाच्या तरी दुकानात तो डबा कचऱ्यात टाकताना एक क्षण कोणी थांबलं असतं, तर! तिनं पदर खोचला, ती बरणी उचलली आणि बाजूला ठेवली. मग पट्टी ओढून उन्हात टाकली. थोड्या वेळानं भानावर आली तेव्हा तिच्याभोवती तीन ढीग झाले होते.

वस्तीत बातमी तिच्या आधी पोचली. मारोती अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"सूनबाई, नागपूरले कायले गेलतो आपन?"

कौसल्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही.

"म्या सगळ्याइले शब्द घालून थे सोडवलं. बाया रडल्या, लोकं उपाशी राह्यले, पन कोनी मांगं फिरलं नाई. अन् आता माह्याच घरची सून उकिरडा उपसून राह्यली?"

"मामाजी," ती म्हणाली, "गावकीत आपल्याले कोनी इचारत होतं का? दारात येऊन हाक मारे, अन् उठा लागे. आता मिस्तरी मले इचारून राह्यला. मी नाई म्हटलं तं नाई. अन् हो म्हटलं तं मले अटबी घालता येते."

"कोनती अट?"

तिनं उकंडाकडं पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. तिलाही बोलेपर्यंत पुरतं ठाऊक नसावं.

"पह्यली, कचरा ज्याचा त्यानं आपल्या दारात निवडाचा. सुकं एका टोपल्यात, ओलं दुसऱ्या. बंडीवाला उचलन. आमी फक्त आखरीचं पाहू अन् वाळवू. दुसरी, हे काम कोन्या एका जातीचं नाई. मी एकटी करनार नाई, तांड्यावरच्या बायाबी येतीन अन् गावातल्याबी. अन् तिसरी..." ती थांबली. "तार आपल्या वस्तीत आली पायजे. ज्या दिवशी चौकात, त्याच दिवशी."

पलीकडं कोणाची तरी म्हैस ओरडत होती. मग मारोती खाटेवर बसला आणि म्हणाला, "आन थो तांब्या." पाणी पिऊन झाल्यावर त्यानं मिशी पुसली. "काम करा लागते का नाई, थे तुह्यं तू पाह्य. मले अजूनबी नाई पटत. पन तारीचं तू बोलू नोको. थे मी बोलतो."

पंचायतीत कौसल्या आणि मारोती दोघं गेली. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण त्यांना एका वेळी एकाच माणसाला राजी ठेवायची सवय होती. पहिल्या दोन अटी ऐकून ते हसले. तिसरीवर ते खुर्चीत चुळबुळू लागले.

"मारोतीबुवा, तार पुरन का तिथवर? खांब लागतीन. मंग धोबीपुऱ्यानं काय करा? त्यायलेबी पायजे."

"त्यायलेबी द्या," मारोती म्हणाला. "म्या कुठं नाई म्हटलं?"

"अहो, पन तारच नाई!"

दारात उभा असलेला रामलाल आत आला. "तार आहे," तो म्हणाला. "जिनिंगच्या आवारातले मांगचे दिवे उतरवतो मी. शेठले मी सांगीन. रुईच्या गाठी काई अंधाराले भेत नाई." सरपंचांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की हा आपला माणूस की त्यांचा, हे त्यांना कळेना. मग ते हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या बाप्पा. लावा."

खांब म्हणजे वस्तीतल्या पोरांनी रानातून आणलेली सागाची लाकडं. मारोतीनं स्वतः खड्ड्यांच्या जागा आखल्या आणि प्रत्येक खांब सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं.

काम सुरू झालं. तांड्यावरून रामलालची बहीण लालीबाई आली. लहान वयात विधवा झालेली, पण हसणं काही तिनं सोडलं नव्हतं. आरसे जडवलेली काचोळी, म्हणजे चोळी, आणि हातभर बांगड्या घालून ती कचऱ्यापाशी बसायची, आणि ऊन पडलं की तिच्या अंगावरचे आरसे भिंतीवर कवडसे फेकायचे. पहिल्या दिवशी नाक मुरडून, तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत म्हणाली, "याडी ये! कौसल्या, तू मले कापसाचं सांगतलं का याचं?" पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली. गावातली एक कासारीणही यायला लागली. हंगाम संपलेला, त्यामुळे कापूस पसरायचं फरशीचं अंगण रिकामंच होतं. त्यावर त्या कचरा पांगवायच्या, दाताळ्यानं फिरवायच्या. वैशाखातलं ऊन. दुपारपर्यंत सगळं पापडासारखं कडक व्हायचं.

आणि त्या ढिगातून कौसल्याला सगळं गाव कळायला लागलं. कोणाकडं बारसं झालं, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणत्या गल्लीत भाजी स्वस्त लागली. एकदा पत्रावळींचा मोठा ढीग आला तेव्हा लालीबाई म्हणाली, "कोनाचं तं लगन झालं अन् आपल्याले बलावलं नाई!" आणि तिघी हसून लोळल्या.

निवडण्याची अट मात्र सगळ्यांनी सुखासुखी पाळली नाही. कापड दुकानांच्या गल्लीतून सगळं एकत्रच यायचं, वरून चिखलासारखं ओलं. कौसल्यानं बंडीवाल्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं बैलाच्या वेसणीला हात घालून बंडी वळवली आणि त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी केली. "हे तुमचं आहे," ती दुकानदाराला म्हणाली. तो भडकला, मोठमोठ्यानं बोलला, पण बंडी हलेना. त्या दिवशी जळण कमी पडलं. बाजाराचा दिवस होता. दिवे लागून जरा वेळ झाला आणि ऐन गर्दीत विझले. चौकात कोणीतरी कारण विचारलं, कोणीतरी सांगितलं, आणि भाजीवाल्या बायांनी त्या गल्लीचा असा उद्धार केला, की दुसऱ्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक दुकानापुढं दोन टोपल्या दिसायला लागल्या.

वस्तीत दिवा लागला होता तो बंडीच्या त्या भांडणाआधीच, चौकाच्याच दिवशी, बुद्ध पौर्णिमेला. वस्तीच्या मध्ये एक छपरी होती, शेणानं सारवलेली. तिलाच विहार म्हणायचे. आत बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. छपरीपुढच्या खांबावर रामलालनं स्वतः दिवा चढवला होता. लेकरं दुपारपासूनच त्याखाली जागा धरून बसली होती. उकंडा जिनिंगमध्ये होता. भट्टीपाशी आता दुसरा माणूस उभा असायचा. उकंडा इंजिनाजवळ स्टुलावर बसून काचेतल्या पाण्याकडं आणि वाफेच्या काट्याकडं लक्ष ठेवायचा. कौसल्या वस्तीत होती. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं.

दिव्यातली तार आधी लाल झाली, मग पिवळी, मग सगळं अंगण एकदम पुढं आलं. एका म्हाताऱ्या आजीनं डोळ्यांवर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. शेजारणी एकमेकींचे चेहरे असे बघत होत्या जणू आजच ओळख झाली. मारोती खांबापाशी उभा होता. त्यानं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीपासून बायांनी ते उचललं. इंजिन कुठं दमलं की दिवा जरा मंदावायचा आणि पुन्हा भरून यायचा. दर वेळी लेकरं "आऽऽ" करायची, आणि उजेड आला की टाळ्या.

गाणी सुरू झाली. चौकातून काही माणसं बघायला आली होती. वस्तीच्या सीमेवर नेहमीसारखी थबकली. मग डफाचा ठेका चढला, कासारीण पुढं येऊन कौसल्याजवळ टेकली, आणि तिच्यामागून दोघं-तिघं येऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. जागा करून दिली एवढंच.

उकंडा घरी आला तेव्हा सगळे पांगत होते. कौसल्यानं त्याला दिव्याखालीच थांबवलं. दवाखान्यातून आल्यापासून तिनं त्याचा भाजलेला गाल दिवसा पाहिला होता, पण तो दर वेळी मान फिरवायचा. त्या उजेडात त्यानं मान फिरवली नाही.

"लय दिसते का?" त्यानं विचारलं.

"दिसते," ती म्हणाली. "पन तुमी तुमीच दिसता."

पुढची काही वर्षं कौसल्याच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं होती असं ती नंतर पोरांना, नातवंडांना सांगायची. सांगताना भर एकाच गोष्टीवर असायचा, की आम्ही चार-पाच जण होतो आणि गावाचा उजेड आमच्या हातात होता. पावसाळ्यात कचरा वाळत नसे, तेव्हा दिवे बंद. लोक मृगापासूनच विचारायला लागायचे, "कौसल्याबाई, कधी लागतीन?" ती म्हणायची, "आभाळाले इचारा." दसऱ्याच्या सुमारास ऊन धरलं की पुन्हा अंगण भरायचं. उजेड चौकात राहिला तसा बाजार उशिरापर्यंत टिकायला लागला. हॉटेलवाल्यानं बाहेर दोन बाकं टाकली. वस्तीत मारोतीनं दिव्याखाली मोठ्या माणसांची शाळा काढली आणि स्वतःच पहिल्या ओळीत पाटी घेऊन बसला. कौसल्या तिथंच अक्षरं शिकली. पहिलं स्वतःचं नाव लिहायला शिकली, दुसरं नवऱ्याचं. लिहायला तिला लाज वाटली नाही. मारोतीनं ते वाचून नवऱ्याचं नाव बदलून घ्या असं सुचवलं, तेव्हा उकंडाच म्हणाला, "राहू द्या. मायनं ठेवलं आहे."

"उकिरड्याची बिजली" हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढं पुढं लोक ते हसत नव्हे, अभिमानानं सांगायचे. यवतमाळहून आलेल्या पाहुण्याला आधी खांब दाखवायचे, मग चहा पाजायचे.

मग सरकारी लाईन आली. चौसष्टचा उन्हाळा असावा. पँट घातलेले दोघं जण साखळी आणि नकाशा घेऊन गावभर फिरले. वस्तीच्या तोंडाशी आले तेव्हा कौसल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. त्यातला एक जण नकाशाकडं आणि सागाच्या खांबांकडं आळीपाळीनं बघत म्हणाला, "अरे, इथं तर लाईन आहेच." आणि त्यानं पेन्सिलीनं काहीतरी खूण केली. त्या एका खुणेमुळे लोखंडी खांब आले तेव्हा चौकाबरोबर वस्तीतही आले, अगदी जुन्या खांबांच्याच खड्ड्यांत. आसपासच्या कितीतरी गावांत अशा वस्त्यांना पुढं वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. मारोती तोवर थकला होता, खाटेवरून उठत नव्हता. कौसल्यानं त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्या खड्डे सरळ काढले होते."

नव्या दिव्यांना कोणाची गरज नव्हती. कचऱ्याची बंडी पुन्हा नाल्याकडं वळली. पहिल्या काही आठवड्यांत लोकांच्या दारात सवयीनं दोन टोपल्या दिसायच्या, मग एकच उरली, मग तीही नाही. जिनिंगमध्ये बिजलीवर चालणारी मोटर बसली. शेठनी जुनं इंजिन आणि बॉयलर विकून टाकलं.

ते घेऊन जायला माणसं आली त्या दिवशी कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण सगळेच हजर होते. उकंडानं डाव्या हातानं पाण्याची काच शेवटची पुसली. खरं तर पुसायचं काही नव्हतं. रामलाल एका बाजूला उभा राहून सगळ्यांना ओरडून सूचना देत होता, हळू, तिकडून धरा, नळी वाकंन, जणू उद्या पुन्हा वाफ धरायची आहे. बॉयलर गाडीवर चढला आणि दोर आवळले गेले. लालीबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसली, "मी कायले रडून राह्यली? लोखंडासाठी?"

गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. रामलालचं आता गावात काही काम उरलं नव्हतं. तो तांड्यावर वावर बघायला जाणार होता. कौसल्या म्हणाली, "मिस्तरी, आज आमच्याकडं जेवून जा. लालीबाई, तुमीबी."

इतक्या वर्षांत ते कधी झालं नव्हतं. चहा व्हायचा, तो जिनिंगमध्ये. रामलालनं क्षणभर बहिणीकडं पाहिलं. लालीबाई आधीच चालायला लागली होती.

कौसल्यानं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, झुणका केला, हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला. चूल तिनं तुराट्यांवरच पेटवली. उकंडा आणि रामलाल भिंतीला टेकून बसले, लालीबाई चुलीपाशी. रामलालनं तिसरी भाकरी मागितली तेव्हा उकंडा म्हणाला, "मिस्तरी, बॉयलरमंदीबी एवढं टाकत नव्हतो मी." आणि रामलाल इतका हसला, की त्याला ठसका लागला आणि लालीबाईला उठून पाणी द्यावं लागलं.

ते निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. कौसल्यानं उरलेल्या दोन भाकरी फडक्यात बांधून लालीबाईच्या हातात दिल्या. रस्ता लांब होता, आणि तांडा नाल्याच्या पलीकडं.